नंदीश्वर द्वीप नाही, पण एक बेट पाहिलं!



गेल्या महिन्यात आम्ही घरची पाच माणसं अंदमानला जाऊन आलो. परत आल्यावर बस्तीत पहिल्याच दिवशी एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "एवढ्या पैशात शिखरजी दोनदा झाली असती की हो!" त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. हिशेबही त्यांचा फार चुकीचा नव्हता. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न घरी आला, स्वयंपाकघरात आला, रात्री झोपतानाही डोक्यात होता. म्हणून आज त्यावरच लिहायचं ठरवलं.

आधी हे अंदमान आमच्या घरात आलं कुठून ते सांगते. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, शाळेत इतिहास शिकवायचे. काळ्या पाण्याचा धडा आला की म्हणे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. सेल्युलर जेल स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि आत्तींना समुद्र ओलांडून एकदा बेटावर न्यायचं, ही त्यांची इच्छा. पोस्टातल्या एका पासबुकावर त्यांनी पेन्सिलीने 'अंदमान' असं लिहून ठेवलं होतं. ते पासबुक मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. पहिल्यांदा त्यातले पैसे नणंदेच्या लग्नात गेले. मग घराच्या स्लॅबला. मग मामांच्या आजारपणात. चार वर्षांपूर्वी मामा गेले. कपाट आवरताना पासबुक सापडलं. त्यात शिल्लक फारशी नव्हती, पण कव्हरवरचा तो शब्द तसाच होता.

त्या दिवशी मला आमची सगळ्यांची चूक दिसली. अडचणी खऱ्या होत्या, पण दर वेळी आम्ही "पुढच्या वर्षी बघू" इतक्या सहज म्हणत गेलो, जणू मामांच्या हातात वर्षं मोजून ठेवलेलीच होती. आत्तींना यंदा पंच्याहत्तरावं लागलं. आता पुढच्या वर्षी नाही, असं आमचे हे आणि मी दोघांनी ठरवलं.

दिग्व्रताचा प्रश्न

तिकिटं काढायच्या आधी एक अडचण आली, आणि ती पैशांची नव्हती. आत्तींनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका चातुर्मासात महाराजांसमोर दिग्व्रत घेतलं आहे. मर्यादा 'भारत देश'. आपल्यातल्या तरुण मुलींसाठी सांगते, दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द ठरवून घ्यायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. हद्दीबाहेरच्या जगात आपल्या हातून होणारी हिंसा आणि तिथला लोभ, दोन्ही त्यामुळे आपोआप थांबतात.

आत्तींना कुणीतरी सांगितलं, "समुद्र ओलांडला म्हणजे व्रत मोडलं." आत्ती दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "माझ्यामुळे तुमचं अडू नका, तुम्ही जाऊन या," म्हणाल्या. मग यांनी शांतपणे विचारलं, "आई, तू हद्द कशाची घेतलीस? समुद्राची की देशाची?" आत्ती म्हणाल्या, "देशाची." अंदमान भारतातच आहे. सेल्युलर जेलमध्ये भारताच्या स्वातंत्र्यासाठीच माणसं खितपत पडली. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून आत्तींनी विहारात असलेल्या एका माताजींना विचारलं आणि मगच पिशवी भरायला घेतली.

मला इथे एवढंच म्हणायचं आहे, की दुसऱ्याचं व्रत किती मोठं, किती लहान, हे आपण परस्पर ठरवू नये. ज्याने घेतलं त्याला त्याची हद्द ठाऊक असते. घाबरवण्याने धर्म वाढत नाही, म्हातारं माणूस फक्त उपाशी राहतं.

सूर्य पाच वाजता मावळतो तेव्हा

आता जेवणाचं. आपल्यात फिरायला जायचं म्हटलं की बायकांच्या पोटात गोळा येतो तो याचाच. मी आधी कधीच विचार केला नव्हता, पण अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या पुढे दिवस मावळतो, तिथे पाचच्या सुमारासच. आत्ती सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी अन्नपाणी बंद करतात. म्हणजे त्यांचं संध्याकाळचं जेवण चारच्या आत! हॉटेलवाल्यांचं रात्रीचं जेवण आठला. सहलीच्या कार्यक्रमात दुपारी तीन ते पाच समुद्रकिनारा. पहिल्या दिवशी मी रडकुंडीला आले.

दुसऱ्या दिवशी आत्तींनीच तोडगा काढला. म्हणाल्या, "अगं, मावळतो लवकर तर उगवतो पण लवकरच ना?" खरंच, पावणेसहाच्या सुमारास लख्ख उजाडायचं. मग आम्ही दिवसच पुढे ओढला. उजाडल्यावर जप, सातला नाश्ता, साडेअकराला जेवण, साडेतीनला शेवटचं जेवण आणि मग किनारा. सूर्यास्ताच्या वेळी बाकीचे पर्यटक भजी खात होते, आमचं सगळं आटोपून आम्ही निवांत वाळूत बसलेले. मुलगा म्हणाला, "आजी, तुझ्या नियमामुळे आपल्याला सूर्यास्त पूर्ण बघायला मिळाला." आपला नियम मुळात सूर्याला बांधलेला आहे, आपणच त्याला घड्याळाच्या आकड्यांत अडकवून ठेवतो, हे मला वयाच्या पन्नाशीत बेटावर जाऊन कळलं.

एका हॉटेलात 'जैन जेवण' म्हणून आलेल्या भाजीत बटाटा निघाला. वाढणाऱ्या मुलाची समजूत अशी, की कांदा-लसूण नाही म्हणजे जैन. मी चिडले नाही. आत गेले, आचाऱ्याला जमिनीखालचं काय काय चालत नाही ते बोटं मोजून सांगितलं. त्यानंतर दोन दिवस त्याने कच्ची केळी, दुधी, कोबी, वरण, भात असं मनापासून करून दिलं. शहीद द्वीप, ज्याला पूर्वी नील म्हणायचे, त्या बेटावर तर भाजीपाल्याची शेतीच होते, त्यामुळे ताज्या भाज्यांची ददात नव्हती.

आणि मैत्रिणींनो, एक कबुली. मी घरून खाकरे, दशम्या, मेतकूट, चटण्या, राजगिऱ्याचे लाडू असं जवळजवळ आठ किलो नेलं होतं. त्यातलं निम्मं परत आणलं. आठ दिवस आधी रात्रंदिवस खपून मी ते केलं होतं आणि विमानात बसताना कंबर धरली होती. सहल घरच्या सगळ्यांची आणि सहलीचं स्वयंपाकघर एकटीच्या डोक्यावर, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पुढच्या वेळी लेक आणि मुलगा दोघांनाही खाकरे लाटायला बसवणार आहे. नियम सगळ्या घराचा आहे, मग कष्टही सगळ्या घराचे.

जेलमध्ये

सेल्युलर जेल 1896 ते 1906 या काळात बांधलं. मूळच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. मधल्या मनोऱ्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या त्या निघतात, आणि एका कोठडीतल्या माणसाला दुसऱ्या कोठडीतला दिसू नये अशी सगळी रचना. बाबाराव आणि विनायकराव, दोघे सावरकर बंधू इथेच होते. विनायकराव 1911 साली इथे आले, 1921 साली त्यांना इथून हलवलं. कैद्यांना बैलासारखं कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावायचे, तो कोलू बघून माझी लेक बराच वेळ काही बोललीच नाही.

आत्ती मात्र थांबल्या त्या बाहेरच्या बागेत, पुतळ्यांपाशी. 1933 साली इथल्या कैद्यांनी माणसासारखी वागणूक मिळावी म्हणून उपोषण केलं. त्यांना जबरदस्तीने नळीने दूध पाजायचा प्रयत्न झाला, आणि त्यात महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहनकिशोर नामदास हे तिघे गेले. लेकीने हे वाचून दाखवलं. आत्तींनी जन्मभर उपवास केलेत, दशलक्षणात दहा-दहा दिवसांचेसुद्धा. त्या म्हणाल्या, "आपण उपवास करतो तेव्हा पारण्याला किती माणसं असतात. यांच्या पारण्याला कुणीच नव्हतं." मग पिशवीतून मामांचा पासपोर्ट आकाराचा फोटो काढला आणि जेलच्या दिशेला करून क्षणभर धरला. तो फोटो त्यांनी आणलाय हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या यांनी तोंड फिरवलं.

शिखरजीचा हिशेब मांडणाऱ्या त्या बाईंना माझं खरं उत्तर हे आहे. शिखरजी आम्ही केली आहे, शक्ती असेल तर पुन्हाही करू. पण घरातल्या माणसाची शेवटपर्यंत अपुरी राहिलेली इच्छा पुरी करणं, म्हाताऱ्या आईचा हात धरून तिला बोटीत चढवणं, हे काही नुसती मौज म्हणून सोडून देता येत नाही.

काय घ्यायचं आणि काय सोडायचं

तरीही त्या बाईंच्या बोलण्यातलं खरं मला मान्य आहे. फिरण्याचाही लोभ होतो. अंदमानला आम्हाला सगळ्यांनी विचारलं, "स्कूबा नाही केलं? पॅरासेलिंग नाही केलं? बाराटांग नाही पाहिलं?" जणू सगळं केलं नाही तर पैसे वाया.

बाराटांगला आम्ही मुद्दाम गेलो नाही. तिथे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढायला बंदी आहे, तरी लोक गाडीच्या काचेला नाक लावून त्या माणसांना शोधत असतात. माणसं काही बघायची वस्तू नाहीत, एवढं आम्हाला घरात सगळ्यांना पटलं.

स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, राधानगरच्या किनाऱ्यावर मुलगा शिंपले गोळा करत होता. लेक म्हणाली, "ठेव ते. रिकाम्या शंखात घर करून राहणारे खेकडे असतात इथे, तू त्यांचं घर उचलतोयस." आत्तींनी लगेच जोडलं, "आणि रिकामा नसेल तर आत दोन इंद्रियांचा जीव आहे." काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दाखवलं, तेव्हा त्यांना वाटलं दगडच आहेत. ते बारीक बारीक प्राण्यांनी मिळून उभं केलेलं असतं हे कळल्यावर त्यांनी हात जोडले. प्रवाळाला कायद्यानेही संरक्षण आहे, उचलून नेणं गुन्हा आहे. पण आपल्याला कायद्याआधी अनर्थदंडव्रताने हेच शिकवलंय की, कारण नसताना तोडायचं नाही, उचलायचं नाही. आम्ही बेटावरून एकही शिंपला आणला नाही. दिवाणखान्यात मांडायला काही नाही, याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

दिग्व्रताच्या अतिचारांत एक आहे, क्षेत्रवृद्धी. म्हणजे ठरवलेली हद्द हळूच वाढवून घेणं. मला वाटतं, आपल्या सहलींनाही हा अतिचार लागतो. एक जागा पाहिली की लगेच दुसरी यादी. अंदमानहून परतताना विमानातच मुलाने विचारलं, "आता पुढचं बेट कुठलं? मालदीव?" आत्ती म्हणाल्या, "माझं झालं बाबा." त्या दोन शब्दांत जे समाधान होतं ते मला हवंय. एक इच्छा धरावी, तिच्यासाठी पै-पै साठवावी, ती मनापासून पुरी करावी आणि मग तिला पुरी झाली असं म्हणता यावं.

कार्तिक, फाल्गुन, आषाढ, वर्षातून तीनदा आपण अष्टान्हिकेत नंदीश्वर द्वीपाची पूजा करतो. बावन्न जिनालयांचं ते आठवं द्वीप. तिथे देवच जातात, माणसाला अडीच द्वीपाच्या पुढे जाता येत नाही. आत्ती म्हणतात, आता फाल्गुनात द्वीप म्हणताना डोळ्यापुढे काहीतरी येईल, चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये शांत जमीन.

तुमच्याही घरात कुणाचं तरी असं पासबुक असेल. सासूचं, आईचं, कदाचित तुमचं स्वतःचं. त्यावर लिहिलेलं गाव शिखरजी असेल, श्रवणबेळगोळ असेल किंवा नुसता समुद्र असेल. यंदा ते एकदा उघडून बघा, आणि ज्याचं आहे त्याला विचारा, "कधी जायचं?"

जय जिनेंद्र.