अर्धं काढा, परत बघा

पावसाळ्यात बुटीबोरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचा ब्रेकर पडला, की वायरमन मशिनी उघडत बसत नाही. आधी अर्धे फीडर बंद करतो. ब्रेकर टिकला, तर दोष बंद केलेल्या अर्ध्यात. परत पडला, तर चालू असलेल्यात. मग त्यातले अर्धे.. चार-पाच खेपांत दमट मोटार सापडते. "बाकीचं कायले उघडाचं जी?" हे त्याचं म्हणणं.

परवा हे आठवायचं कारण, कंट्रोलरचा सी प्रोग्रॅम कंपाइल करताना कंपायलरच कोसळला. प्रोग्रॅम कितीही गचाळ असो, कंपायलरने चूक दाखवून थांबावं. हा 'इंटर्नल कंपायलर एरर' म्हणत स्वतःच आडवा!

सगळ्यांचा सल्ला एकच. ऑप्टिमायझेशन बंद कर आणि पुढे चल. सल्ला वाईट नव्हता, पण तसं केल्यावर प्रोग्रॅम कंट्रोलरच्या मेमरीत मावेना. कंपायलरवाल्यांना अख्खा कोड पाठवावा, तर तो कंपनीचा. म्हणजे बग लहान करणं आलंच.

हेडर फायलींसकट अकरा हजार ओळी. अर्ध्या उडवायच्या, कंपाइल करायचं, कोसळला तर उरलेल्यातल्या अर्ध्या. मग एका जागी गाडी अडली. कुठलाही अर्धा भाग काढला की कंपायलर शहाण्यासारखा वागे. दोन मोटारींची थोडी थोडी गळती मिळून ब्रेकर पडावा, तसं हे. अशा वेळी अर्धं सोडून छोटे छोटे तुकडे काढून बघावे लागतात. दुसऱ्या संध्याकाळी नऊ ओळी उरल्या. एक स्ट्रक्चर, त्यात एक बिट-फील्ड, आणि एक लूप. कंपनीचं त्यात काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे बिनधास्त पाठवता आल्या. शिवाय आपण काय टाळायचं तेही दिसलं. बिट-फील्डच्या जागी साधा इंटिजर केला, काम झालं.

हे सगळं आपोआपही होतं. झेलर आणि हिल्डेब्रांट यांनी २००२ च्या लेखात मोझिला ब्राउझरचं उदाहरण दिलंय. पान छापताना तो कोसळायचा. ८९६ ओळींचं एचटीएमएल त्यांच्या पद्धतीने एका ओळीवर आलं, दोषी होता सिलेक्ट टॅग. खास सी प्रोग्रॅमसाठी जॉन रेगर आणि सहकाऱ्यांचं सी-रिड्यूस २०१२ पासून आहे.

मग हाताने कशाला करायचं? करू नका, अवजार वापरा. पण अवजार प्रत्येक फेरीला एकच विचारतं, 'बग अजून आहे का?' ते ओळखायची कसोटी आपणच लिहून द्यायची असते. मी हाताने करतानाच एकदा फसलो. एक कंस उडाला, साधी सिंटॅक्सची चूक आली, आणि 'एरर आली ना' म्हणून अर्धा तास तिच्याच मागे. नुसती 'एरर येते का' बघून चालत नाही, तोच संदेश, त्याच जागचा हवा.

माझं म्हणणं एवढंच, की बग लहान करणं म्हणजे बग समजणं. पळवाट काढून आजची डिलिव्हरी निघते, पण तोच खड्डा पुढच्या प्रोजेक्टात परत भेटतो. कॉलेजात आम्ही कंपायलरचे सगळे टप्पे पाठ केले, पण तो कोसळला तर काय करायचं हे कुणी शिकवलं नाही.

असो. आता नवीन पोरगा "सर, कंपायलर कोसळला" म्हणत आला, की मी पहिलं विचारतो, "किती ओळींत?"