दागिने नसलेल्यांचा कॅमेरा

30 एप्रिल ही दादासाहेब फाळके यांची जयंती. त्या दिवशी त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे स्मरण ठिकठिकाणी होते. त्याच्याआधीच्या एका चिमुकल्या चित्रफितीची आठवण मात्र क्वचितच निघते. लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतची वाटचाल एकेक फ्रेम घेत टिपली. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने तारण ठेवायला दिले. पुराणकथेवरच्या त्या चित्रपटाला पैसा मिळवून दिला तो प्रत्यक्ष वास्तवाच्या चित्रणाने!

ज्यांच्या घरात तारण ठेवण्याजोगे काहीच नाही, त्यांनी काय करायचे? मेळघाटातल्या पाड्यावरची किंवा मुंबईच्या कोळीवाड्यातली एखादी तरुणी आज मोबाइलवर चित्रीकरण करू शकते. तिला परवडत नाही तो वेळ. माहितीपट माणसांच्या आयुष्याच्या गतीने पुढे सरकतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला 14 वर्षे लागली. इतका काळ हार्ड डिस्क, प्रवास, संकलकाचे मानधन आणि घरचा किराणा यांचा मेळ कोण घालणार? ज्योती निशा यांनी बाबासाहेबांवरच्या आपल्या माहितीपटासाठी लोकवर्गणी मागितली. सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाव आणि चैत्यभूमी पडद्यावर आणली. त्यांची जिद्द मोठीच आहे. पण समाजाचा दृश्य इतिहास एकेकाच्या जिद्दीवर सोडून देणे आम्हाला मान्य नाही.

माहितीपट बनवणारा, 1948 मध्ये स्थापन झालेला सरकारी फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. स्वतंत्र माहितीपटकाराला देशात निधीची दारे मुळात थोडी, म्हणून त्याचे डोळे ॲमस्टरडॅमच्या ‘इडफा बर्था फंडा’कडे आणि अमेरिकेतल्या सनडान्सकडे लागतात. या संस्थांचे ऋण आहेच. पण तिथवर पोचायला सफाईदार इंग्रजीतला प्रस्ताव लागतो, निवड समितीसमोर मोजक्या मिनिटांत ‘पिच’ करण्याची ऐट लागते. अहिराणीत किंवा कोरकूत विचार करणारी मुलगी तिथे आशयात नव्हे, अर्जातच मागे पडते.

हा प्रश्न केवळ संधीच्या वाटपाचा नाही; कोणाची गोष्ट कोण सांगतो, याचाही आहे. बुंदेलखंडात दलित महिलांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘खबर लहरिया’ या वृत्तमाध्यमावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. दिग्दर्शक रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे दिली होती, आणि फिल्म निःसंशय प्रभावी आहे. तरीही सोहळ्याच्या काही दिवस आधी ‘खबर लहरिया’नेच जाहीर केले की, आमचे पूर्ण चित्र यात उतरलेले नाही. दोन्ही बाजूंचा आदर ठेवूनही त्या निवेदनाने आम्हाला अस्वस्थ केले. दिल्लीचा दिग्दर्शक बुंदेलखंडातल्या बांद्याला जाणार हे आपण गृहीत धरतो. बांद्यातली बाई स्वतःचा चित्रपट कुठे बसून संकलित करणार, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत ‘फायरलाइट मीडिया’ने याचे एक उत्तर शोधले आहे. वंशभेदामुळे मागे ठेवलेल्या समाजांतल्या नवोदित माहितीपटकारांना ही संस्था 18 महिने निधी आणि मुरलेल्या दिग्दर्शकांची साथ देते. कोलकात्याचे ‘डॉकेज’ 2004 पासून नव्या दिग्दर्शकांचे कच्चे प्रकल्प घडवत आले आहे. महाराष्ट्राने यांतून शिकावे. आपले राज्य मराठी चित्रपटांना अनुदान देते, पण ते चित्रपट तयार झाल्यावर, त्याचा दर्जा पाहून. म्हणजे ज्याने कसेबसे पैसे उभे केले, त्यालाच पुढे मदत.

माहितीपटासाठी हा क्रम उलटा हवा. अर्ज मराठीत, गोंडीत, भिलीत, अगदी मोबाइलवर बोलूनही करता यावा. निवडणाऱ्यांत त्या भाषा जाणणारी माणसे असावीत. निवडलेल्यांसाठी सहा महिन्यांचे निवासी शिबिर असावे; त्यात संकलनाची खोली, जाणता संकलक आणि लेकुरवाळीसाठी पाळणाघर असावे, कारण बाळ घरी ठेवून सहा महिने कोणती आई राहू शकेल? पहिला हप्ता चित्रीकरणाआधीच हातात पडावा आणि चित्रपटाचे हक्क तो करणाऱ्याकडेच राहावेत.