होमस्कूलिंग : सहावी ते आठवीसाठी इतिहास आणि विज्ञानाचा अभ्यासक्रम कसा निवडायचा?

गणिताला क्रम असतो. अपूर्णांक आले नाहीत, तर टक्केवारी अडते आणि काय राहून गेलंय ते लगेच कळतं. इतिहास आणि विज्ञानाचं तसं नाही. मुलाने मुघल काळ कधीच वाचला नाही किंवा उत्क्रांती हा शब्दच ऐकला नाही, तरी त्याचं रोजचं काही अडत नाही. शाळेत निदान ठरलेला अभ्यासक्रम असतो. मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांना मात्र ही निवड स्वतः करावी लागते. सध्या केंद्र आणि राज्य, दोन्हीकडची पुस्तकं बदलत असल्यामुळे ती आणखी अवघड झाली आहे.

कायदा काय सांगतो?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं त्याचं कलम १० सांगतं. पण तसं न करणाऱ्या पालकांना शिक्षा करण्याची तरतूद या कायद्यात नाही आणि त्यात होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेखही नाही. म्हणजे घरी काय शिकवावं, याची सरकारी यादी नाही आणि ते तपासणारी यंत्रणाही नाही.

परीक्षेचा प्रश्न पुढे येतो. एनआयओएस, म्हणजेच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष परीक्षा घेते. दहावीच्या परीक्षेला वयाच्या १४ व्या वर्षापासून बसता येतं. राज्य मंडळाच्या दहावीसाठी खासगी विद्यार्थ्यांचा १७ नंबरचा अर्ज असतो. यापैकी कोणता रस्ता घ्यायचा, याचा अंदाज सहावीतच असलेला बरा. एनआयओएसमध्ये विषय निवडता येतात. त्यामुळे विज्ञान न घेताही दहावी होता येतं, पण पुढे विज्ञान शाखेकडे जायचं असेल तर ही निवड महागात पडू शकते.

दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत काय पडतं?

एनसीईआरटी आणि बालभारती, दोघांचीही पुस्तकं वेबसाइटवर मोफत मिळतात. त्यामुळे एक यत्ता इकडची, एक तिकडची, अशी सरमिसळ करण्याचा मोह होतो. इतिहासात ती नडते.

एनसीईआरटीने सहावीची नवी पुस्तकं २०२४ मध्ये आणि सातवी-आठवीची २०२५ मध्ये आणली. जुन्या सातवीच्या पुस्तकात दिल्ली सल्तनत आणि मुघल होते. नव्या सातवीत प्राचीन साम्राज्यांवर, मौर्य आणि गुप्त काळावर भर आहे. सल्तनत, मुघल आणि मराठे आता आठवीत आले आहेत.

बालभारतीचा क्रम वेगळा. २०१७ च्या सातवीच्या पुस्तकात शिवपूर्व काळापासून मराठी सत्तेच्या विस्तारापर्यंतचा इतिहास आहे. २०१८ चं आठवीचं पुस्तक युरोपीय सत्तांच्या आगमनापासून सुरू होऊन महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंत येतं.

आता एखाद्या मुलाने सातवीला एनसीईआरटीचं आणि आठवीला बालभारतीचं पुस्तक घेतलं, तर काय होईल? सल्तनत, मुघल आणि शिवकाळ यातलं काहीच त्याच्यासमोर येणार नाही. उलट क्रम लावला, तर तोच काळ दोनदा येईल.

विज्ञानातही अशी फट आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांती आणि आवर्त सारणी हे भाग वगळले गेले. ते अकरावी-बारावीत शिकवले जातात, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलापर्यंत ते पोहोचणार नाहीत. बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकांत हे दोन्ही भाग आहेत. राज्यातही २०२५-२६ मध्ये पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला आहे. त्यामुळे पुस्तक डाउनलोड करताना त्यावरचं आवृत्तीचं वर्ष बघणं गरजेचं आहे.

परदेशी तयार अभ्यासक्रम घ्यावा का?

अमेरिकेत होमस्कूलिंगची मोठी बाजारपेठ आहे आणि तिथले संच भारतातही मागवले जातात. सुसान वाइज बाउअर यांची चार खंडांची ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ ही मालिका प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंतचं जग गोष्टीरूपात सांगते. जगाचा कालक्रम समजायला ती उपयोगी आहे. पण जगाच्या त्या गोष्टीत दख्खनच्या वाट्याला किती जागा येणार? तेवढ्यावर भागत नाही.

विज्ञानात जास्त सावध राहावं लागतं. ‘अपोलोजिया’सारख्या काही प्रकाशनांची पुस्तकं ख्रिस्ती सृष्टिवादी भूमिकेतून लिहिलेली आहेत. छपाई सुरेख, प्रयोग भरपूर, पण जीवसृष्टी कशी घडली याचं उत्तर आधुनिक जीवशास्त्रापेक्षा वेगळं. संच घेण्याआधी उत्क्रांती आणि पृथ्वीचं वय यांवरची पानं वाचली, की पुस्तकाची भूमिका कळते.

‘रंजक’ म्हणजे नेमकं काय?

रंगीत चित्रं आणि झकास व्हिडिओ मुलाला बसवून ठेवतात. पण या वयातल्या मुलाला त्याहून जास्त ओढ एका प्रश्नाची असते : ‘हे कळलं कसं?’ या प्रश्नाला जागा देणारं पुस्तक निवडावं.

याचं देशातलं मोठं उदाहरण होशंगाबादचं आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं प्रयोग करत, निरीक्षणं नोंदवत आणि त्यावर चर्चा करून निष्कर्ष काढत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला, पण त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं आजही घरी वापरता येतात. त्या कार्यक्रमाशी जोडलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्यात ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रात रमले. टाकाऊ वस्तूंची त्यांची खेळणी आणि मराठी पुस्तकंही इंटरनेटवर मोफत आहेत.

असे प्रयोग आपल्या परिसरातही सापडतात. महाराष्ट्र आणि गोव्यात मे महिन्यात एके दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हा ‘शून्य सावली दिवस’ प्रत्येक गावाला वेगळ्या तारखेला येतो. आठवडाभर सावली मोजून मुलाला तो स्वतः शोधता येतो. मग पृथ्वीचा कललेला अक्ष पाठ करावा लागत नाही.

इतिहासात हेच काम इनामगाव करतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातलं गाव सापडलं. त्या लोकांनी लिहिलेलं एक अक्षरही नाही. तरी घरांचे पाये, जळालेलं धान्य आणि घराच्या जमिनीखाली जोडकुंभांत पुरलेली लहान मुलं, यांवरून त्यांचं जगणं समजतं. त्यांचा काळ कार्बन-१४ पद्धतीने ठरवतात, हे सांगताना इतिहासाचा तास विज्ञानाचा होतो.

मग सुरुवात कुठून करायची?

- दोन्ही विषयांसाठी एकेक मुख्य पुस्तकमाला निवडावी आणि सहावी ते आठवी तीच ठेवावी. बाकी पुस्तकं जोडीला.
- दुसऱ्या मंडळाच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून काय सुटतंय, त्याची यादी करावी.
- इतिहासातली एखादी घटना, उदाहरणार्थ १८५७ चा उठाव, दोन वेगळ्या पुस्तकांतून वाचायला द्यावी. फरक मुलालाच शोधू द्यावा.
- विज्ञानात आठवड्याला निदान एक प्रयोग आणि त्याची मुलाने स्वतः लिहिलेली नोंद असावी, फसलेल्या प्रयोगाचीही.

महिन्यातून एकदा ‘हे तुला कसं कळलं?’ असं मुलाला विचारून बघावं. ‘पुस्तकात दिलंय’ एवढंच उत्तर सतत येत असेल, तर पुस्तक कितीही देखणं असलं तरी ते बदलायची वेळ आली आहे.