एफ-१ दाबल्याने हिसाब जुळत नाही

सकाळी पेढीवरचा संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत 'सीमॉस चेकसम एरर' अशी ओळ येते व खाली एफ-१ दाबण्याची सूचना असते. मुनीम एफ-१ दाबतो, विंडोज सुरू होते, गिऱ्हाईक समोर येते आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू वा मराठी माध्यमात झाले. त्यामुळे ओळीचा अर्थ बाजूला राहिला आणि बटण तेवढे पाठ झाले. आमचे स्पष्ट मत आहे की ही सवय व्यापाऱ्याला परवडणारी नाही.

या ओळीचा अर्थ अवघड नाही. मदरबोर्डवर एक घड्याळ आणि यंत्राच्या मांडणीची थोडी नोंद असते. वीज बंद असताना ती नाण्याएवढ्या एका सेलवर टिकते. आपण रात्री रोकड मोजून शिल्लक लिहितो व सकाळी गल्ला तिच्याशी ताडून पाहतो. संगणकही तसाच नोंदीची बेरीज ठेवतो आणि सुरू होताना ती पुन्हा करून पाहतो. सेल उतरला की नोंद बिघडते, बेरीज जुळत नाही आणि यंत्र तशी वर्दी देते. एफ-१ दाबणे म्हणजे 'जुळत नसले तरी पुढे चल' असे सांगणे होय.

हा त्रास दुकानांत व कारखान्यांत अधिक दिसतो, त्याचेही कारण आहे. शॉर्टसर्किटच्या भीतीने आपण रात्री मेन स्विच बंद करतो, मग सगळा भार सेलवर येतो. ईदच्या सुट्टीनंतर ही ओळ हमखास दिसते ती याचमुळे. मेन स्विच जरूर बंद ठेवावा. सेल मात्र वेळेवर बदलावा.

खरे नुकसान तारखेचे आहे. सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर जीएसटीचे संकेतस्थळ असुरक्षित म्हणून अडवतो. घाईत बिलावर भलतीच तारीख पडते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. वाद उभा राहिला तर भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्याच्या हाती बिल आणि चलनच असते. त्यावरील तारीखच चुकीची असेल तर तो मुदत कशी सिद्ध करणार? सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याचा व लिहिण्याचा कंटाळा न करण्याचा हुकूम आहे. तारीख ही दोन्ही पक्षांची अमानत आहे.

इलाज स्वस्त आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. चांगल्या कंपनीचा सेलही शंभर रुपयांच्या आत मिळतो. आधी बायॉसमधील मांडणीचे मोबाईलवर फोटो काढावेत. मग संगणक बंद करून प्लग काढावा. अधिकाची खूण जशी होती तशीच ठेवून सेल बदलावा, बायॉसमध्ये तारीख-वेळ घालावी, मांडणी फोटोशी ताडून पाहावी आणि सेव्ह करावे. लॅपटॉपचे काम कारागिराकडेच द्यावे. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तातडीने इस्पितळ गाठावे.

कोणी एकदम मदरबोर्ड बदलायला सांगितले तर आधी नवा सेल घालून पाहावा. त्यानंतरही ओळ येत राहिली तर सेलची खाच किंवा बोर्ड तपासून घ्यावा.

व्यापारीबंधूंनी एवढे करावे: सेल बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून संगणकावर चिकटवावी, तीन-चार वर्षांनी तो आपणहून बदलावा, आणि पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ मुनीमाने वहीत उतरवून तिचा अर्थ विचारावा असा पेढीचा नियम करावा. माल घेताना आपण ताग्याचा एक तुटका धागाही सोडत नाही. हिसाबाच्या यंत्राकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे.