संशयाचा फायदा

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि पावणेदोनशेहून अधिक निरपराध माणसे प्राणास मुकली. त्या खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. निकालानंतर उसळलेला संताप अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. वापीला गाडी धरून मुंबई गाठणाऱ्या आमलीकरांना ही पश्चिम रेल्वे परकी नाही. आणि ज्या न्यायालयाने हा निकाल दिला तेच दादरा व नगर हवेलीचेही उच्च न्यायालय आहे. ‘मग स्फोट केले कोणी?’ हा प्रश्न रास्तच होय. परंतु तो तपास यंत्रणेला विचारावयाचा आहे, न्यायाधीशांना नव्हे.

‘संशयाचा फायदा’ हा शब्दप्रयोगच मुळी फसवा आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला सूट द्यावी तसा न्यायाधीश आरोपीवर काही उपकार करतो, असा भास त्यातून होतो. वस्तुतः ‘याने गुन्हा केला असेल’ आणि ‘यानेच केला असला पाहिजे’ यांतील अंतर सरकार पक्षाने पुराव्याने भरून काढावयाचे असते. महाराष्ट्रातील एका खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. मात्र फुसक्या शंकांच्या आधारे अपराध्यांना मोकळे सोडू नये, अशी तंबीही न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात दिली होती.

ही पारख करण्याचे काम एके काळी सामान्य नागरिकांच्या ज्यूरीकडेही असे. १९५९ साली नौदलातील कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली, मुंबईचे जनमत त्यांच्याकडे झुकले आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या एका खटल्याने ज्यूरी बुडाली अशी समजूत आहे, ती सर्वस्वी खरी नाही; ही पद्धत मोडीत काढावी असे विधी आयोगाने १९५८ सालीच सुचविले होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. लोकभावनेने न्याय वाहवू नये, हा हेतू योग्यच होता.

परंतु पुढच्या दाराने घालविलेली लोकभावना मागच्या दाराने परतली. फाशी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणीच द्यावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये घातला. आणि १९८३ मध्ये समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला बसलेला धक्का हे त्याचे एक माप ठरले. हा धक्का मोजावयाचा कशाने? नानावटींच्या पाठीशी एक अख्खे शहर उभे होते. ज्यांच्या पाठीशी कोणीच नसते त्यांचे काय होते, हे आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्याने दाखविले आहे. तेथे २००३ साली एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसे पकडली गेली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांस फाशी सुनावली. आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सर्वांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली! प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि ही गोष्ट दडविली गेली होती. दहा वर्षांत दोर ओढला गेला असता तर ती भरपाई कोणाच्या हाती द्यावयाची होती?

ज्या पोर्तुगालच्या जोखडातून आमली २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाली, त्या देशाने सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ सालीच रद्द केली होती. म्हणून ती राजवट दयाळू ठरत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या तिनेच झाडल्या. मात्र तिच्या कायद्याला जे दीडशे वर्षांपूर्वी जमले ते स्वतंत्र भारताच्या कायद्याला जमू नये, याची आम्हांस खंत वाटते. विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवादाचे गुन्हे वगळून फाशी रद्द करावी असे सुचविले. आमच्या मते हा अपवादही टिकण्यासारखा नाही, कारण क्षोभ जेथे सर्वांत मोठा तेथेच कोणीतरी पकडून दाखविण्याची घाई सर्वांत अधिक असते.

रेल्वे स्फोटांच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल अन्य खटल्यांत आधारास घेऊ नये, असे त्या न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी सांगितले. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. फाशी झालेल्या पाचांपैकी एकाला आपली सुटका कळलीच नाही. तो २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात करोनाने मरण पावला होता.