सेल्वा, मोन्ते, यानो : इंग्रजी अनुवादातील रानाचे प्रश्न

स्पॅनिश साहित्याच्या इंग्रजी अनुवादांची चिकित्सा बहुधा निवेदनपद्धती, कालव्यूह आणि शैली यांच्याभोवती फिरते. झाडे, झुडपे, गवत, रान यांची नावे मात्र कोशाच्या हवाली करून समीक्षक मोकळा होतो. वनस्पतिवाचक नामांचा अनुवाद ही निव्वळ माहितीची बाब आहे, कोश चांगला असला आणि शास्त्रीय नाव हाताशी असले की काम भागते, हा समज अनुवादमीमांसकांतही रुजलेला आहे. तो टिकणारा नाही. संहितेतील ज्या शब्दांत माणसाचा जमिनीशी असलेला संबंध साठवलेला असतो, नेमक्या त्याच शब्दांच्या ठिकाणी इंग्रजी अनुवाद बेसावध राहिला आहे; आणि स्पॅनिश साहित्य मुख्यतः इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी अभ्यासकाने ती बेसावधता तशीच्या तशी उचलली आहे.

'सेल्वा' या शब्दाचे उदाहरण घ्यावे. ओरासिओ किरोगा यांचा 'क्वेन्तोस दे ला सेल्वा' हा बालकथासंग्रह 1918 साली प्रसिद्ध झाला. आर्थर लिव्हिंग्स्टन यांनी 1922 मध्ये केलेल्या अनुवादाचे शीर्षक 'साउथ अमेरिकन जंगल टेल्स' असे आहे. या शीर्षकावर किपलिंगची सावली आहे, हे सांगावयास नको. किरोगा स्वतः किपलिंगचे चाहते होते, तेव्हा ती सावली अगदीच उपरी म्हणता येणार नाही. परंतु 'जंगल बुक' स्पॅनिशमध्ये गेले तेव्हा अनुवादक रामोन पेरेस यांनी त्याला 'सेल्वा' म्हटले नाही. शीर्षकात त्यांनी 'अस्पर्श भूमी' या अर्थाचे शब्द योजले. म्हणजे जी समतुल्यता इंग्रजीने गृहीत धरली, ती उलट दिशेने जाताना स्पॅनिशला स्वयंसिद्ध वाटली नव्हती.

यापुढची गोष्ट मराठी वाचकाने तरी विसरू नये. 'जंगल' हा शब्द इंग्रजीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून उचलला. त्याचे मूळ संस्कृत 'जाङ्गल' आणि आयुर्वेदातील त्याचा अर्थ आहे कोरडा, विरळ झाडांचा, मोकळा आणि आरोग्यदायी प्रदेश. दाट, ओला, पाणथळ प्रदेश तो 'आनूप'. फ्रांसिस झिमरमन यांनी 1982 च्या आपल्या फ्रेंच ग्रंथात हा अर्थव्यत्यास सविस्तर उलगडला आहे. 1987 मध्ये तो ग्रंथ इंग्रजीतही आला. चरक-सुश्रुतांच्या वर्गीकरणाने पाहिले तर किरोगा यांच्या मिसिओनेस प्रांतातील पावसाळी अरण्य 'आनूप' ठरते. इंग्रजीने त्याला दिलेले नाव नेमके त्याच्या विरुद्ध भूमीचे आहे. शब्दांचे अर्थ पालटतात, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे मान्यच आहे. प्रश्न असा की, हे पालटलेले 'जंगल' सोबत काय घेऊन आले? शिकार, ज्वर, वाघ, साहेबाची छावणी. होसे एउस्तासिओ रिवेरा यांच्या 'ला वोराखिने' (1924) या कादंबरीतील सेल्वा ही रबर गोळा करणाऱ्या वेठबिगारांची सेल्वा आहे. तिच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी सेल्वेला उद्देशून जे आवाहन येते, त्यात त्या नामाचे स्त्रीलिंग कार्यरत आहे. 'जंगल' म्हणताच ते स्त्रीत्व जाते आणि शोषणाच्या कथेवर साहसकथेचे कातडे चढते. मराठी अनुवादक इंग्रजीतील हा शब्द आपल्याच घरचा म्हणून बिनदिक्कत परत घेतो. 'अटवी' हा स्त्रीलिंगी शब्द त्याला सहसा आठवत नाही.

यावर उपाय म्हणून शास्त्रीय नावांचा आग्रह धरणारा एक वर्ग आहे. त्याचे म्हणणे पूर्णतः त्याज्य नाही. स्पॅनिश वसाहतकारांनी अमेरिकेतील अनोळखी झाडांना मायदेशातील झाडांची नावे दिली. तेथील 'सेद्रो' हा देवदाराच्या कुळातला नव्हे. तो सेद्रेला, म्हणजे आपल्याकडील तुणीचा आप्त. कॅरिबियन किनाऱ्यावरचा 'रोब्ले' पुष्कळदा ओक नसून टॅबेबुया असतो. मुंबईत विक्रोळीनजीक महामार्गाच्या कडेला गुलाबी फुलोऱ्याने लक्ष वेधून घेणारे झाड तेच. अशा ठिकाणी कोश पाहून 'ओक' आणि 'सीडर' लिहिणारा अनुवादक उष्ण किनाऱ्यावर युरोपचे उपवन लावतो. येथे वनस्पतिशास्त्र चूक दाखवून देते, आणि तेवढे त्याचे ऋण मानले पाहिजे.

मात्र चूक दाखविणे निराळे आणि शब्द पुरविणे निराळे. आंतोनिओ माचादो यांच्या 'काम्पोस दे कास्तिया' (1912) या संग्रहातील 'लास एन्सिनास' ही कविता एन्सिनाला रोब्लेपासून वेगळे काढण्यावर उभी आहे. रोब्ले मानी, बलदंड. एन्सिना दीन, सदाहरित, शेतकऱ्याच्या सोबतीची. इंग्रजीत दोन्ही 'ओक'. विशेषण जोडून 'होम ओक' म्हणता येते आणि त्याने जाती वेगळ्या होतात. पण कवितेला हवी असलेली प्रतिष्ठेची उतरंड विशेषणाने उभी राहत नाही. शास्त्रीय नावांच्या निःपक्षपातीपणाविषयी तर बोलूच नये. 'सेइबा' हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा शब्द. लिनीअसने 1753 मध्ये 'बॉम्बॅक्स सेइबा' असे नाव नोंदविले आणि ते आज आपल्या काटेसावरीचे अधिकृत नाव आहे! क्यूबातील भाविकाची पवित्र सेइबा निराळी. ती आपल्याकडे पांढरी सावर म्हणून ओळखली जाते. इंग्रजी व्यवहारात दोन्ही 'सिल्क-कॉटन', म्हणजे उशीत भरावयाच्या कापसाचे झाड. ज्या झाडापुढे नैवेद्य ठेवला जातो, त्याचे नाव गादीवाल्याच्या दुकानातून आणावे, यात अनुवादकाला काही वावगे वाटत नाही.

सर्वांत बिकट शब्द 'मोन्ते'. त्याचा एक अर्थ डोंगर. पण स्पेनमध्ये सपाटीवरचे झुडपी रानही मोन्तेच असते. स्पेनच्या 2003 च्या मोन्तेविषयक कायद्यातही ही संज्ञा झाडे, झुडपे, खुरटी किंवा गवताळ वनस्पती असलेल्या, शेतीखाली नसलेल्या भूमीला लागू होते. उंचीचा तेथे संबंध नाही. 1855 च्या मादोस कायद्याने गावकीच्या जमिनी लिलावात निघाल्या, तेव्हा सरपण, चराई आणि कोळसा यांवर जगणाऱ्यांचे जे गेले, तेही मोन्तेच. 'माउंटन' म्हटले तर अर्थाचा विपर्यास होतो, 'वुडलँड' म्हटले तर हक्काचा इतिहास पुसला जातो. क्यूबात हाच शब्द आणखी दूर जातो. लिदिया काब्रेरा यांच्या 'एल मोन्ते' (1954) या ग्रंथात आफ्रिकी वंशाच्या क्यूबन लोकांची दैवते, औषधी आणि भये मोन्तेतच वसतात. हवानातील तण माजलेला पडीक भूखंडही मोन्ते ठरू शकतो. त्याच्याच शेजारचा 'मानिग्वा' हा शब्द. त्याचा कोशातला अर्थ झुडपांची गच्ची. पण 1868 पासूनच्या स्वातंत्र्ययुद्धांत मानिग्वेत जाणे म्हणजे बंडात सामील होणे. हे सर्व कोणत्या शास्त्रीय नावात बसवावयाचे?

काब्रेरांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने शीर्षकातील शब्द जसाच्या तसा ठेवला. त्या ग्रंथापुरते हे योग्यच झाले, कारण शेकडो पृष्ठे त्या एका शब्दाचाच अर्थ लावण्यात गेली आहेत. पण त्यावरून परका शब्द तिरप्या ठशात ठेवला की वसाहतवादाचे पाप फिटले, असा जो सिद्धान्त विद्यापीठीय परिसंवादांत मांडला जातो, तो आळसाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देणारा आहे. कथेत अशी सवड नसते. तेथे तिरपा शब्द स्थानिक रंगाचा ठिपका होऊन राहतो आणि मूळ पात्राच्या तोंडी जो रोजचा होता, तो वाचकाला विदेशी अलंकार वाटू लागतो. लॉरेन्स वेनुती यांनी 1995 मध्ये अनुवादकाच्या अदृश्यतेवर टीका केली, ती सुबोधतेच्या हट्टाविरुद्ध होती. तिचे रूपांतर शब्द न अनुवादण्याच्या परवान्यात करणे म्हणजे त्या टीकेचीच फसवणूक होय.

हुआन रुल्फो यांच्या 'एल यानो एन यामास' (1953) या संग्रहातील जमीनवाटपाच्या कथेपाशी हा वाद प्रत्यक्ष कसाला लागतो. क्रांतीनंतर सरकार शेतकऱ्यांना जमीन देते, पण कोणती? त्यांनी मागितलेली असते 'वेगा', नदीकाठची गाळाची. पदरी पडतो तो 'यानो', जेथे नांगर शिरत नाही. सगळी कथा या दोन शब्दांमधल्या अंतरात घडते. जॉर्ज शेड यांच्या 1967 च्या अनुवादाने आणि 2012 च्या नव्या अनुवादानेही शीर्षकात 'प्लेन' हा शब्द ठेवला. इंग्रजी 'प्लेन' सुपीक असू शकते, गंगेचे असतेच. रोमुलो गाय्येगोस यांच्या 'दोन्या बार्बारा' (1929) मधील व्हेनेझुएलाचा यानो पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा, गुरांच्या कळपांचा, त्यालाही 'प्लेन'च. एका शब्दाला एक प्रतिशब्द ठरवून दिला की दोन देशांतील दोन भूमी अशा एक होतात. व्हेनेझुएलाच्या यानोला मराठीत 'कुरण' जवळचे पडेल, रुल्फोंच्या यानोला मुळीच नाही.

इंग्रजीतून 'प्लेन' वाचून मराठी अनुवादक 'मैदान' लिहितो आणि कथेतील अन्याय क्रीडांगणाइतका सपाट करून टाकतो. वस्तुतः कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याजवळ रुल्फोंची ही शब्दजोडी तयार आहे : माळ आणि मळई. मळई मागणाऱ्याच्या हाती माळाचा उतारा ठेवला, एवढे म्हटले की त्या अधिकाऱ्याने काय केले, हे टीपेवाचून कळते. माळ हीच पूर्वीच्या अर्थाने 'जांगल' भूमी होय. रुल्फोंच्या त्या ओसाड यानोला हा शब्द अधिक शोभला असता. तो मिळाला मात्र सेल्वेला.