मधुमेह आणि बिनपगारी सेवा

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आता सोडावी लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. शेतमजूर आणि हमालही त्यातून सुटलेले नाहीत. हा रोग आरंभी दुखत नाही. म्हणूनच गोळ्या सुटतात, आणि पायाची जखम चिघळून पाय कापण्याची पाळी आली की घरचा कर्ता अंथरुणाला खिळतो. त्याला तालुक्याच्या रुग्णालयाची भव्य इमारत वाचवीत नाही. दरमहा दारी येऊन त्याचे पाय पाहणारी, गोळी हाती ठेवणारी गावातलीच बाई वाचविते.

सरकारलाही हे ठाऊक आहे. तिशीपुढील माणसांची नोंद त्याने 'आशां'कडेच सोपविली. मात्र त्यांना कर्मचारी न म्हणता 'स्वयंसेविका' म्हणायचे, आणि केंद्राचा मोबदला बहुतांशी कामाच्या नगावर मोजायचा! गिरणीमालकालाही हेवा वाटावा अशी ही युक्ती. जन्मभराच्या रोगाची देखभाल नगाच्या दराने होत नसते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले होते. ते पाळले गेले नाही. 'आशां'ना वेतनश्रेणी आणि उपकेंद्रात अखंड औषधपुरवठा, या दोन मागण्या कार्यकर्त्यांनी एकत्रच लढविल्या पाहिजेत.